हेगचे अठरा न्यायाधीश निवडतं कोण?

मागच्या अंकात मी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय अटक वॉरंट कसं काढतं याबद्दल लिहिलं होतं. पत्रं आली, पण वॉरंटाबद्दल कमी आणि त्यावर सह्या करणाऱ्यांबद्दलच जास्त. हे लोक कोण, त्यांना तिथे कोणी बसवलं, त्यांची परीक्षा कोणी घेतली, असे प्रश्न. मला बरं वाटलं. मी आयुष्य फौजदारी कोर्टात काढलं. समोर न्यायाधीश कोण आहेत हे कळल्याशिवाय खटल्याची तयारी पुरी झाली असं मला कधी वाटलं नाही. तेव्हा हा अंक त्या पत्रांसाठी.

न्यायाधीश संयुक्त राष्ट्रसंघच नेमतो ना? मग सुरक्षा परिषदेतले पाच बडे देश आपापली माणसं बसवत असणार. (एक निवृत्त शिक्षक)

नाही, गुरुजी. पण तुमचा समज अगदीच निराधार नाही. नेदरलँड्सच्या हेग शहरात दोन मोठी न्यायालयं आहेत आणि बातम्यांमध्ये दोघांची सरमिसळ रोज होते. एक आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे देश विरुद्ध देश असे वाद चालतात आणि त्याचे पंधरा न्यायाधीश संयुक्त राष्ट्रांची आमसभा आणि सुरक्षा परिषद स्वतंत्रपणे मतदान करून निवडतात. भारताचे न्यायाधीश दलवीर भंडारी तिथलेच. २०१७ मध्ये ते पुन्हा निवडून आले ते ब्रिटनच्या उमेदवाराने शेवटी माघार घेतल्यावर. आमसभा भंडारींच्या बाजूने आणि सुरक्षा परिषद ब्रिटनच्या बाजूने, अशी ती ओढाताण चालली होती.

आपण बोलतोय ते दुसऱ्याबद्दल. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात देशांवर नव्हे, माणसांवर खटले चालतात: नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा. १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये त्याचा करार मंजूर झाला आणि १ जुलै २००२ पासून तो लागू आहे. न्यायाधीश निवडण्याचा अधिकार करारात सामील झालेल्या देशांच्या सभेला आहे. सव्वाशेच्या आसपास देश, आणि प्रत्येकाला एक मत. फ्रान्सला एक, ब्रिटनला एक, सान मारिनोलाही एकच. अमेरिका, रशिया आणि चीन सदस्यच नाहीत, त्यामुळे त्यांना मतही नाही.

मग निराधार नाही असं का म्हटलं? युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये आणि रवांडासाठी १९९४ मध्ये खास न्यायाधिकरणं नेमली, ती सुरक्षा परिषदेनेच. तिथे आधी सुरक्षा परिषद नावांची चाळणी करायची आणि मग त्या यादीतून आमसभा निवड करायची. रोम करार करणाऱ्यांना तीच चाळणी नको होती. आजही एखादं प्रकरण या न्यायालयाकडे पाठवण्याचा अधिकार सुरक्षा परिषदेला आहे. बाकावर कोण बसणार, यात मात्र तिचा हात नाही.

नाव कोण सुचवतं? चांगल्या वकिलाला स्वतः अर्ज करता येतो का? (कायद्याच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

स्वतः अर्ज करता येत नाही. नाव सदस्य देशाकडूनच जावं लागतं आणि एका निवडणुकीला एका देशाने एकच नाव द्यायचं. ते कसं ठरवायचं यासाठी करारात दोन वाटा आहेत. एक म्हणजे देश आपल्या सर्वोच्च न्यायालयासाठी न्यायाधीशांची नावं जशी ठरवतो, तशीच ही ठरवायची. दुसरी म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी ज्या पद्धतीने नावं जातात ती. त्यासाठी देशोदेशी चार जणांपर्यंतचे राष्ट्रीय गट असतात आणि नाव सरकारने नव्हे, त्या कायदेपंडितांच्या गटाने सुचवायचं असतं. नावासोबत एक निवेदन जोडावं लागतं. उमेदवार करारातली प्रत्येक अट कशी पुरी करतो, ते त्यात तपशिलाने लिहायचं.

कागदावर हे छान दिसतं. पण घोडं इथेच पेंड खातं. या दोन वाटांनी चालताना आतमध्ये काय करायचं, हे करार सांगत नाही. जाहिरात द्यायची का, मुलाखती घ्यायच्या का, बार असोसिएशनला विचारायचं का, हे सगळं देशाच्या मर्जीवर. काही देश रीतसर अर्ज मागवतात, समिती बसवतात. काही ठिकाणी परराष्ट्र खात्यातल्या चार खोल्यांमध्ये नाव पक्कं होतं आणि बाहेर कळतं ते थेट उमेदवारी जाहीर झाल्यावर. मला विचाराल तर या न्यायालयाची खरी निवडणूक इथेच होते. न्यूयॉर्कला मतदान होतं ते पुढचं. देशाने कच्चं नाव पाठवलं तर मतपेटी ते पक्कं करून देत नाही, फार तर दुसऱ्या कोणाला पुढे काढते.

२०२० मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांनी या न्यायालयाच्या एकूण कारभाराची तपासणी केली. रिचर्ड गोल्डस्टोन, म्हणजे युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाचे पहिले मुख्य अभियोक्ता (आरोपींवर खटला चालवणारे वकील), त्या गटाचे अध्यक्ष होते. अहवालात ३८४ शिफारशी होत्या, आणि न्यायाधीशांची नावं देशांतर्गत कशी ठरतात याकडेही त्यात बोट दाखवलं होतं.

एक गंमत सांगते. उमेदवार सुचवणाऱ्या देशाचा नागरिक असलाच पाहिजे असं नाही, कुठल्याही सदस्य देशाचा असला की झालं. कोस्टा रिकाच्या एलिझाबेथ ओदिओ बेनितो युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात न्यायाधीश राहिलेल्या, म्हणजे अनुभवाने अव्वल. पण २००३ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांच्या स्वतःच्या देशाने त्यांचं नाव दिलं नाही. शेजारच्या पनामाने दिलं आणि त्या निवडून आल्या. तेव्हा तुम्ही लायक असाल आणि आपल्याच सरकारच्या डोळ्यांत सलत असाल, तर निदान नियमाने तरी एक दार उघडं आहे. फक्त एकाच देशाचे दोन नागरिक एकाच वेळी त्या बाकावर बसू शकत नाहीत. दोन नागरिकत्वं असतील, तर नागरी आणि राजकीय हक्क तुम्ही सहसा जिथे बजावता तो देश तुमचा धरला जातो.

नावं देण्याची मुदत बारा आठवड्यांची असते. एखाद्या प्रदेशातून किंवा स्त्रियांची नावं पुरेशी आली नाहीत तर ती वाढवतात. बरेच देश शेवटच्या दिवसांपर्यंत हातचं राखून बसतात, कारण आपल्या भागातून दुसरा कोण उभा राहतोय हे पाहायचं असतं.

मी वाचलं की तिथल्या काही न्यायाधीशांनी आयुष्यात कधी कोर्टात उभं राहून खटला चालवलेला नाही. हे खरं आहे का? (एक तरुण वकील, थोडा चिडलेला)

खरं आहे आणि ते नियमाला धरूनच आहे. चिडण्याआधी नियम वाचा, मग आपण दोघं मिळून चिडू.

उमेदवार दोन याद्यांपैकी एका यादीत उभा राहतो. यादी अ फौजदारी कायद्याच्या माणसांची: फौजदारी कायदा आणि कार्यपद्धती यांत प्रावीण्य हवं, शिवाय न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील अशा भूमिकेतला प्रत्यक्ष खटल्यांचा अनुभव हवा. यादी ब आंतरराष्ट्रीय कायद्याच्या माणसांची: युद्धाचे नियम, मानवी हक्क यांचं सखोल ज्ञान आणि न्यायालयाच्या कामाला उपयोगी पडेल असा कायद्याच्या व्यवसायातला दांडगा अनुभव. दोन्हीकडे बसत असाल तर यादी तुम्ही निवडायची. याखेरीज सर्वांना सामाईक अटी आहेत: चारित्र्य, निःपक्षपातीपणा, आपल्या देशात सर्वोच्च न्यायपदावर बसण्याइतकी पात्रता, आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर उत्तम पकड. पहिल्या निवडणुकीत अठरापैकी किमान नऊ अ मधून आणि किमान पाच ब मधून घ्यायचे होते. तेच प्रमाण पुढे सांभाळायचं आहे.

डिसेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या सहांपैकी तिघांकडे पाहा. ब्रिटनच्या जोआना कॉर्नर यांनी युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात खटले चालवले होते आणि मायदेशी त्या फौजदारी कोर्टाच्या न्यायाधीश होत्या. मेक्सिकोच्या मारिया देल सोकोरो फ्लोरेस लिएरा मुत्सद्दी, राजदूत राहिलेल्या, रोम कराराच्या वाटाघाटींमध्ये बसलेल्या. जॉर्जियाचे गोचा लोर्दकिपानिद्झे तिथले उपन्यायमंत्री होते. तिघंही त्याच न्यायालयात न्यायाधीश, तिघांचाही मान सारखा.

आता माझं मत, ते माझ्या पेशाने रंगलेलं आहे हे धरूनच वाचा. करार कोणी आणि का केला हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस अपील पीठावर मला हवा असतो. कायद्याचा अर्थ लावायचा तर असं डोकं लागतं. पण साक्षीदार पिंजऱ्यात आहे, उलटतपासणी चालू आहे, बचावाचा वकील आक्षेप घेतोय आणि निर्णय तिथल्या तिथे द्यायचाय, तेव्हा समोर खटले चालवून केस पांढरे झालेला माणूस हवा. आक्षेप आला की ज्याला पंधरा मिनिटं उठून आत जावं लागतं, त्याच्यासमोर खटला महिनोन्‌महिने लांबतो. करारालाही हे कळतं. खटल्याच्या आणि पूर्वतपासणीच्या विभागांत प्रामुख्याने फौजदारी खटल्यांचा अनुभव असलेलेच न्यायाधीश असावेत, असं त्यात म्हटलं आहे. त्यातला ‘प्रामुख्याने’ हा शब्द मात्र सैल आहे, आणि सैल शब्दाचं कोर्टात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मतदान नक्की कसं होतं? हात वर करून? (अनेकांचा प्रश्न)

गुप्त मतदान, कागदी मतपत्रिकेवर. निवडणुकीच्या वर्षी सदस्य देशांची सभा न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरते. दर तीन वर्षांनी सहा जागा रिकाम्या होतात: २०१४, २०१७, २०२०, २०२३, आणि आता २०२६. हजर राहून मत देणाऱ्या देशांपैकी दोन तृतीयांश मतं मिळवणारा निवडून येतो. साधं बहुमत चालत नाही. सव्वाशे देशांनी मत दिलं तर ८४ मतं लागतील. प्रत्यक्षात तितके देश मत देत नाहीत. कोणी आलेलंच नसतं, आणि कोणाची वर्गणी दोन वर्षांच्या रकमेइतकी थकली की त्याचा मताचा हक्क जातो.

आता मतपत्रिका जवळून पाहू, कारण सगळी करामत तिच्यात आहे. प्रतिनिधीच्या हातात उमेदवारांची नावं असलेला कागद येतो. सहा जागा असतील तर त्याने सहापर्यंत नावांवर खूण करायची. पण मनाला येईल तशी नाही. अ यादीतले किमान इतके, ब मधले किमान इतके, आफ्रिका, आशिया-प्रशांत, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन आणि पश्चिम युरोपचा गट यांतल्या अमुक गटाचे किमान इतके, स्त्रिया किमान इतक्या, पुरुष किमान इतके, असं प्रत्येक निवडणुकीआधी मोजून ठरवलेलं असतं. ते मोजायचं कसं? आधी जे बारा न्यायाधीश राहणार आहेत त्यांच्यात कोण आहे ते पाहायचं आणि कमी काय पडतंय ते काढायचं. किमान अट मोडली की मतपत्रिका बाद.

हे आकडे कागदावर कोरडे वाटतात. २०१७ घ्या म्हणजे त्यांचा जोर कळेल. २०१४ मध्ये निवडून आलेले सहाच्या सहा पुरुष होते. २०१७ मध्ये सहा जण निवृत्त होणार होते आणि त्यांत बहुतेक स्त्रिया. मागे उरणाऱ्या बारा जणांमध्ये स्त्री एकच: डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या ओल्गा हेरेरा कार्बुचिया. अठरामध्ये निदान सहा स्त्रिया असाव्यात हा हिशेब धरला, तर आणखी पाच हव्या. निकाल लागला तेव्हा पेरूच्या लुझ इबान्येझ कारांझा, युगांडाच्या सोलोमी बोसा, जपानच्या टोमोको अकाने, बेनिनच्या रेन अलापिनी-गान्सू, कॅनडाच्या किंबर्ली प्रोस्ट आणि इटलीचे रोझारिओ आयताला निवडून आले. पाच स्त्रिया, एक पुरुष. त्या वर्षी कोण्या चांगल्या पुरुष उमेदवाराला वाटलं असेल की आपण चुकीच्या वर्षी उभे राहिलो, आणि त्याचं बरोबरच होतं. २०१४ मध्ये एखाद्या स्त्री उमेदवाराला तेच वाटलं असेल.

मात्र एक ध्यानात घ्या. या अटी मत देणाऱ्यावर आहेत, निकालावर नाहीत. स्त्रियांना मतं द्यायला लावता येतं, पण ती सगळी एकाच स्त्रीच्या पारड्यात पडून तिलाच दोन तृतीयांश मिळतील याची हमी नसते. मतं विखुरली की फेऱ्यांवर फेऱ्या होतात. प्रदेशाच्या आणि स्त्री-पुरुषांच्या अटी चार फेऱ्यांनंतर सुटतात, आणि मग खरी कुस्ती सुरू होते. फेऱ्यांच्या मधल्या वेळात सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत राजदूत घोळक्यांनी उभे असतात, फोन चालू असतात, कोणीतरी उमेदवारी मागे घेतं. फेब्रुवारी २००३ च्या पहिल्या निवडणुकीत ८५ देश होते आणि अठरा न्यायाधीश भरायला ३३ फेऱ्या लागल्या. २०१४ मध्ये सहा जागांसाठी २२.

पहिल्या निवडणुकीची आणखी एक खास गोष्ट. सगळे अठरा एकदम निवृत्त होऊ नयेत म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. सहा जणांना तीन वर्षं, सहांना सहा, सहांना नऊ. एरवी मुदत नऊ वर्षांची आणि पुन्हा उभं राहता येत नाही. तीन वर्षांच्या चिठ्ठीवाल्यांना मात्र पुन्हा उभं राहायची मुभा होती. २००६ मध्ये त्या सहांपैकी पाच परत निवडून आले. पुन्हा उभं राहण्याची बंदी ही मला या करारातली सगळ्यात शहाणी तरतूद वाटते. पुढच्या निवडणुकीत कोणाचं मत लागणार याची चिंता असलेला न्यायाधीश निकाल देताना एका डोळ्याने त्या देशाकडे पाहणारच.

‘तू मला मत दे, मी तुला देतो’ असं काही होतं का? की ते फक्त आपल्या मनातलं? (एक वाचक, पत्राच्या तळाशी दोन उद्गारचिन्हं)

होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. देश एकमेकांशी मतांची अदलाबदल करतात: इथे आमच्या न्यायाधीशाला मत द्या, तिकडे मानवी हक्क परिषदेच्या जागेसाठी आम्ही तुम्हाला देऊ. संयुक्त राष्ट्रांच्या साऱ्याच निवडणुकांमध्ये हे चालतं. त्यात राजदूतांना लाज वाटत नाही, तो त्यांच्या कामाचाच भाग असतो. या न्यायालयाच्या बाबतीत अनेक संघटनांनी आणि काही देशांनीही वर्षानुवर्षं सांगितलं आहे की न्यायाधीशाचं मत सौद्यात घालू नका. मत गुप्त असल्यामुळे सौदा पाळला की मोडला हेही कोणाला पक्कं कळत नाही, हा त्यातला विनोद.

ज्याच्या देशाकडे देण्यासारखं काही नाही, जो लहान देश आपला राजदूत महिनाभर न्यूयॉर्कमध्ये प्रचाराला ठेवू शकत नाही, त्याचा उत्तम उमेदवारही मागे पडू शकतो. प्रचार हा शब्द मुद्दाम वापरते आहे. उमेदवार खरोखर देशोदेशीच्या प्रतिनिधींच्या भेटी घेतात, माहितीपत्रकं वाटतात. न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या माणसाने मतं मागत फिरावं, हे आपल्याकडच्या कोर्टात वाढलेल्या माणसाच्या पचनी पडत नाही. माझ्याही पडलेलं नाही.

मग कोणीच त्यांना तपासत नाही? (पुन्हा तीच विद्यार्थिनी, तिचं पत्र दोन पानी होतं)

आता तपासतात. करारातच उमेदवारांवर सल्ला देणारी समिती नेमण्याची मुभा होती. ती प्रत्यक्षात आली २०११ मध्ये ठराव झाल्यावर. नऊ सदस्य. ते आपापल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत. कागदपत्रं वाचतात, उमेदवारांना समोर बसवून मुलाखती घेतात आणि जाहीर अहवाल देतात. तोंडी परीक्षाच म्हणा: फौजदारी खटला कसा हाताळाल, पुराव्याचा हा प्रश्न आला तर काय कराल, इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये निकाल स्वतः लिहू शकाल का.

सुरुवातीची वर्षं अहवाल इतके मिळमिळीत असायचे की सगळेच उमेदवार करारातल्या अटी पुऱ्या करतात एवढंच त्यातून निघायचं. अलीकडे समिती उमेदवारांमध्ये फरक करायला लागली आहे. २०२० चा अहवाल वाचणाऱ्याला कोणाबद्दल तिला खात्री वाटते आणि कोणाबद्दल ती हात राखून बोलते हे कळतं. याशिवाय देशांसमोर उमेदवारांची खुली प्रश्नोत्तरं होतात, आणि २०२३ च्या निवडणुकीआधी कोणावर गैरवर्तनाचा आरोप असेल तर तो गोपनीयपणे कळवण्याची सोय केली गेली.

पण समितीचं म्हणणं बंधनकारक नाही. तिने नाक मुरडलं तरी ते नाव मतपत्रिकेवर राहतंच. ते मागे घ्यायचं की नाही हे फक्त सुचवणारा देश ठरवतो. तेव्हा पुन्हा गाडी त्याच स्टेशनावर: देशाने घरी काय केलं.

भारतीय माणूस तिथे न्यायाधीश होऊ शकतो का? माझा मुलगा आंतरराष्ट्रीय कायद्यात पदव्युत्तर शिक्षण घेतोय. (एक आई)

आज तरी नाही. उमेदवार सदस्य देशाचा नागरिक असावा लागतो आणि भारत सदस्य नाही. रोममध्ये मतदानाला १२० देश बाजूने होते, ७ विरोधात आणि २१ तटस्थ. त्या २१ मध्ये भारत. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार भारताला मान्य नव्हते. अण्वस्त्रांचा वापर आणि दहशतवाद हे गुन्ह्यांच्या यादीत हवे होते, ते घेतले गेले नाहीत.

पण मुलाला निराश करू नका. न्यायालयासमोर बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या यादीत जायला सदस्य देशाचं नागरिकत्व लागत नाही, अनुभव आणि भाषा लागते. न्यायाधीश होण्याचा मार्गही काही वेळा तिथूनच जातो. २०२३ मध्ये निवडून आलेल्या स्लोव्हेनियाच्या बेती होलर आधी त्याच न्यायालयाच्या अभियोक्ता कार्यालयात वकील होत्या. त्याच वर्षीचे फ्रान्सचे निकोला गियू हे कोसोवोसाठी हेगमध्येच नेमलेल्या न्यायालयात न्यायाधीश होते. मुलाला फ्रेंच शिकायला सांगा. आजपासून.

एखादा न्यायाधीश मध्येच गेला, किंवा वाईट निघाला तर? (एक ग्रंथपाल)

मध्येच गेला तर उरलेल्या मुदतीसाठी निवडणूक होते. उरलेली मुदत तीन वर्षं किंवा कमी असेल, तर त्या माणसाला पुढे पूर्ण नऊ वर्षांसाठी उभं राहता येतं. २०११ च्या तुकडीत हे दोनदा घडलं. फिलिपिन्सच्या सिनेटर मिरियम डिफेन्सर सँटियागो निवडून आल्या, पण आजारपणामुळे बाकावर बसल्याच नाहीत आणि २०१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्रिनिदाद आणि टोबॅगोचे अँथनी कारमोना वर्षभरातच गेले, कारण ते स्वतःच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. याहून चांगलं कारण राजीनाम्याला सापडणं कठीण.

वाईट निघाला तर काढता येतं, पण सहजी नाही. आधी इतर न्यायाधीशांपैकी दोन तृतीयांशांनी तशी शिफारस करायची, मग सदस्य देशांपैकी दोन तृतीयांशांनी गुप्त मतदानाने मान्य करायचं. देशांनी ठरवलं आणि न्यायाधीशांनी नाही म्हटलं, तर काढता येत नाही. हे मला योग्य वाटतं. मुदत संपली तरी हातातला खटला अर्धा असेल तर तो पुरा करेपर्यंत न्यायाधीश राहतो, म्हणून कधीकधी बाकावर अठराहून जास्त माणसं दिसतात.

या लोकांना भीती वाटत नाही का? (सही नाही)

बहुधा वाटत असणार. मार्च २०२३ मध्ये रशियाच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध वॉरंट निघालं, त्यानंतर रशियाने ते काढणाऱ्या न्यायाधीशांवरच गुन्हे दाखल केले. २०२५ मध्ये अमेरिकेने न्यायाधीशांवर आर्थिक निर्बंध घातले. वर २०१७ च्या निकालात ज्या पाच स्त्रियांची नावं आली, त्यांपैकी चौघी त्या यादीत आहेत: बोसा, इबान्येझ कारांझा, अलापिनी-गान्सू आणि प्रोस्ट. होलर आणि गियूही आहेत. नाव द्यायला देश मागेपुढे पाहतील की नाही हे यंदाच्या यादीत दिसेल, पण उमेदवाराने होकार देण्याआधी घरच्यांशी काय बोलायचं हा प्रश्न आता आधीपेक्षा मोठा झाला आहे.

निवडून आलं की लगेच हेगला जाऊन काम सुरू? (एक सातवीतला मुलगा, अक्षर छान आहे)

नाही रे. डिसेंबरमध्ये निवडणूक होते आणि मुदत मार्चमध्ये सुरू होते. मग खुल्या न्यायालयात शपथ घ्यायची. पहिल्या अठरांनी ती ११ मार्च २००३ ला घेतली. न्यायाधीश आपल्यातूनच अध्यक्ष आणि दोन उपाध्यक्ष निवडतात, तेही तीन वर्षांसाठी, आणि हे तिघं लगेच पूर्णवेळ कामाला लागतात. बाकीच्यांना किती लवकर बोलवायचं हे हातातल्या कामावरून ठरतं. त्यामुळे शपथ घेतलेला एखादा न्यायाधीश काही महिने आपल्या देशातच, बोलावणं येण्याची वाट पाहत बसलाय, असंही घडू शकतं. तोपर्यंत त्याने स्वतःच्या स्वातंत्र्यावर शंका येईल असा कुठलाही उद्योग करायचा नाही.